भिंगरीचे पाच टाके

सन एकोणीसशे चौऱ्याण्णव. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्या मार्चअखेर मी पोटाच्या ऑपरेशनच्या वॉर्डाची मेट्रन म्हणून निवृत्त झाले, आणि जूनमध्ये अकरा महिन्यांच्या एका कुत्रीने माझी चौतीस वर्षांत कमावलेली अब्रू दोन जिने उतरवून खाली अंगणात नेऊन ठेवली.

कुत्री सूनबाईची. रस्त्यावरून उचलून आणलेली, तांबूस रंगाची, एक कान उभा आणि एक पडका. तिचं नाव कुणी ठेवलं नाही. घरात आली, स्वतःच्या शेपटीमागे सात-आठ गिरक्या घेतल्या आणि कपाटावर आपटली, तेव्हापासून ती भिंगरी. तिला चालताना मी पाहिलेलंच नाही. ती एका जागेवरून नाहीशी व्हायची आणि दुसऱ्या जागी उगवायची.

सूनबाईला तेव्हा सहावा महिना होता. मुलगा आणि ती गावाच्या दुसऱ्या टोकाला वेगळी राहत. बाळ चार महिन्यांचं झालं की ती नोकरीवर परत जाणार होती, आणि बाळ दिवसभर कोणाकडे ठेवायचं यावर घरात महिनाभर अगदी गोड आवाजात भांडण चाललं होतं. मी म्हणायचे, माझ्याकडे. ती म्हणायची, ऑफिसजवळ एक चांगलं पाळणाघर आहे.

एकदा मी सरळच विचारलं, "माझ्यात काय कमी आहे?"

"कमी काही नाही, आई. तुम्ही सगळं फार ठामपणे करता. समोरच्याला काय हवंय ते बघायच्या आत करून मोकळ्या होता."

"मग माझ्याकडे ठेवणार की नाही?"

"बघू," ती म्हणाली.

चौतीस वर्षं मी पेशंटच्या नातेवाइकांना 'बघू' म्हणत आले. त्याचा अर्थ मला कोण शिकवणार?

अशात भिंगरीच्या ऑपरेशनची तारीख आली. पिल्लं होऊ नयेत म्हणून करतात ते. नेमकं त्याच आठवड्यात सूनबाईला ऑफिसने बारा दिवसांच्या प्रशिक्षणाला परगावी पाठवलं, आणि तिला एकटीला कसं सोडायचं म्हणून मुलगाही रजा काढून तिच्याबरोबर निघाला. ती म्हणाली, ऑपरेशन पुढे ढकलू. मी म्हटलं, "मुळीच नाही. पोटाच्या ऑपरेशनचे हजारो पेशंट या हातांखालून गेलेत. त्यात पैलवान होते, पोलीस होते, एक न्यायाधीश होते. सगळे मी सांगेन त्या कुशीवर झोपायचे. तुझी ही वीतभर कुत्री काय करणार आहे?"

सून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. बारा दिवस भिंगरीला सांभाळा. आले की बाळाचं बोलू."

म्हणजे परीक्षा कुत्रीची नव्हती, हे मला कळलं. आणि पेपर सोपा आहे असं वाटलं, तिथेच घात झाला.

जनावरांचे डॉक्टर चांगले उंचापुरे, पण आवाज बारीक. ऑपरेशन झाल्यावर त्यांनी भिंगरीला आमच्या हवाली केलं. पोटावर पाच टाके, गळ्याभोवती प्लास्टिकचं मोठं नरसाळं, आणि सोबत एक छापील कागद. मी मेट्रन होते हे माझं त्यांना तोवर तीनदा सांगून झालं होतं. तरी त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. मी तो न बघताच ह्यांच्याकडे दिला.

आमचे हे म्हणजे छापखान्यातले मुद्रितशोधक. उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेला, पण त्यांनी कधी कुणाची चूक मोठ्याने काढली नाही. समासात बारीक खूण करायची आणि पुढे जायचं. छापलेला कागद हाती आला की तो वाचल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. औषधाच्या बाटलीवरचं लेबल, तिकिटाची मागची बाजू, काहीही. डॉक्टरांचा कागद त्यांनी घरी येईपर्यंत दोनदा वाचला.

"अगं, दहा दिवस नरसाळं काढायचं नाही म्हणतायत."

"बरं."

"उड्या नकोत, पळणं नको, जिना नको. खाली न्यायचं तर उचलून न्या म्हणतायत."

"तुम्ही कागद वाचा," मी म्हटलं, "मी पेशंट बघते."

पहिल्या दिवशी मी वॉर्डाच्या शिस्तीने तापमानाचा तक्ता केला आणि भिंगरीच्या टोपलीच्या पायथ्याशी अडकवला. संध्याकाळपर्यंत तिने तो खाल्ला. दुसऱ्या दिवशी नवा तक्ता केला आणि भिंतीवरच्या खिळ्याला, तिच्या आवाक्याबाहेर टांगला. तो मिळवायला तिने जी उडी मारली ती पाहून हे खुर्चीतून उठून उभे राहिले.

"उड्या नकोत म्हटलंय."

"झेपतंय म्हणून मारतेय. अंगात जोर आहे. हे चांगलं लक्षण."

त्याच दिवशी मी तिला जिन्यावरून चालवत खाली नेलं. हे तिला उचलायला वाकले होते, मी त्यांना बाजूला केलं. आमच्या वॉर्डात नियम होता, पोटाचं ऑपरेशन झालेला पेशंट दुसऱ्या दिवशी पायावर उभा राहिला पाहिजे, नाहीतर छातीत कफ साठतो. न्यायाधीश उभे राहिले होते. भिंगरी तर चारी पायांवर उभी राहिली. वर येताना ती एका दमात चव्वेचाळीस पायऱ्या चढून आली आणि मी वर पोचेपर्यंत दारात बसून माझी वाट बघत होती. छातीत कफ साठलाच असता तर माझ्या.

तिसऱ्या दिवशी मी नरसाळं काढलं.

त्याला कारणं होती. ते नरसाळं घेऊन ती दारांना धडकायची, खुर्च्या पाडायची, मागून येऊन पोटऱ्यांवर अशी आदळायची की ह्यांच्या दोन्ही पायांवर निळे डाग पडले. पाणी प्यायला गेली की भांडं नरसाळ्यात आणि नरसाळं भांड्यात. मला ते बघवेना. खरं सांगायचं तर मला बघवेना यापेक्षा मला सुचलं हे अधिक खरं. पोटाच्या जखमेला बांधायची आमची एक जुनी रीत होती. एका रुंद कापडाला दोन्ही बाजूंनी पाच-पाच पट्ट्या ठेवायच्या आणि त्या पोटावर वेणीसारख्या एकीवर एक घालत जायच्या. शेपटाळा पट्टा म्हणायचो आम्ही. तो बांधावा तर मीच, असं सर्जनसुद्धा म्हणायचे. मी जुनी चादर फाडली आणि भिंगरीला असा पट्टा बांधला की बघत राहावं.

"आता हिला अकरा शेपट्या झाल्या," हे म्हणाले.

"आणि जखमेला तोंड लागायची सोय उरली नाही. नरसाळं हवं कशाला?"

"कागदात..."

"तुमच्या कागदाने आजवर किती पेशंट बरे केले?"

कागदाची घडी घालून त्यांनी तो खिशात ठेवला. बहुतेक समासात खूण केली असावी.

रोज संध्याकाळी सातला सूनबाईचा फोन यायचा. मी ड्यूटी सोपवताना करतात तसा अहवाल द्यायचे. "तापमान ठीक. भूक उत्तम. टाके कोरडे. झोप शांत." तिकडून ती म्हणायची, "आई, तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही." चौथ्या दिवशी ती हे वाक्य म्हणाली आणि मी फोन ठेवल्यावर ह्यांना विचारलं, "बाळासाठी पाळणा आपल्या खोलीत बसेल ना हो?"

पाचव्या दिवशी सकाळी पट्टा उघडला तर खालच्या टाक्याशी जरा ओल दिसली. लालसर. हातरुमालावर चहाचा थेंब पडावा एवढी. वॉर्डात एवढ्यासाठी मी शिकाऊ नर्सला पळत डॉक्टरांकडे पाठवलं असतं. इथे मी नवीन पट्टा बांधला. संध्याकाळी फोनवर सांगितलं, "टाके कोरडे."

हे पेपर वाचत होते. त्यांनी पेपर जरासा खाली केला आणि पुन्हा वर घेतला.

सहाव्या दिवशी दुपारी माझ्या हाताखाली तयार झालेली नर्स भेटायला आली. तिला आम्ही सगळे धाकटी म्हणायचो. माझ्या जागी आता तीच वॉर्ड सांभाळत होती. अंगाने बारीक, बोलण्यात कमी, आणि कामात माझ्याइतकीच काटेकोर. कारण घडवलीच मी. ती शिकाऊ असताना तिने एकदा एका पेशंटला शेजारच्या खाटेवरचं औषध दिलं होतं. काही बिघडलं नाही, पण मी तिला त्या पेशंटपुढे उभं केलं आणि सगळ्या वॉर्डादेखत म्हणायला लावलं, "चूक माझी." नंतर तिला सांगितलं, चूक झाली की पहिल्यांदा आपण सांगायची, दुसऱ्याला शोधायला लावायची नाही. तेव्हा ती रडली होती. पुढे हेच वाक्य ती नव्या मुलींना सांगताना मी ऐकलं होतं आणि मला फार बरं वाटलं होतं.

तर धाकटी आली. हे चहा करायला गेले. मला पेशंट दाखवायची हौस.

"अगंबाई, शेपटाळा पट्टा," ती म्हणाली. "किती वर्षांनी बघतेय. मेट्रनबाई, तुमचा हात अजून तसाच आहे."

"उघडून दाखवते, थांब."

मी भिंगरीला तिवईवर, म्हणजे चहाच्या त्या बुटक्या टेबलावर, आडवी केली आणि एकेक पट्टी सोडायला लागले. डावीकडच्या पाच सुटल्या. धाकटी वाकून बघत होती. खालच्या टाक्याशी तिची नजर थांबली, आणि ती काही बोलणार एवढ्यात दारावरची घंटा वाजली.

भिंगरी उठली. मी मघाशी म्हटलंच, ती चालत नसे. उजवीकडच्या पाच पट्ट्यांपैकी दोन तिवईच्या पायात अडकल्या होत्या, त्यामुळे भिंगरीबरोबर तिवईही निघाली. हे स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन येत होते. ट्रे एकीकडे गेला, कप दुसरीकडे, आणि बिस्किटं कुठे गेली ते दिवाळखोर माणसाच्या मित्रांसारखं पुढे कधी कळलंच नाही. भिंतीला टेकलेल्या ह्यांनी घंटेला मान देऊन दार उघडलं. बाहेर पोस्टमन. भिंगरी त्याच्या दोन पायांमधून गेली, तिवईला ते जमलं नाही. ती दारात आडवी झाली, चादर टर्रकन फाटली आणि पोस्टमन पत्रांच्या ढिगावर बसला.

"रजिस्टर आहे," तो बसल्या बसल्या म्हणाला. "सही लागेल."

आम्ही तिवई ओलांडून, त्याला ओलांडून खाली धावलो. भिंगरी अंगणात पाण्याच्या टाकीशेजारी निवांत बसली होती आणि पुढच्या बारीक दातांनी एकेक टाका काढत होती. घाई नाही, ओढाताण नाही. अनुभवी नर्सने काढावेत तसे. आम्ही पोचलो तेव्हा तीन झाले होते आणि चौथा चालू होता. जखम खालून उघडली होती.

आणि मी नुसती उभी राहिले. काय करायचं ते मला माहीत होतं, हजार वेळा केलं होतं, पण हात हलेनात. डोक्यात एकच वाक्य, बाळ गेलं पाळणाघरात. जखम समोर उघडी असताना माझ्या मनात हे आलं. ही पहिली लाज.

ह्यांनी पुढे होऊन तिचं तोंड हळूच बाजूला धरलं. म्हणाले, "स्वच्छ कापड ओलं करून जखमेवर धरायचं, दाबायचं नाही, आणि लगेच घेऊन यायचं. शेवटून दुसरा मुद्दा." धाकटीने तोवर वरून टॉवेल भिजवून आणला होता. ह्यांनी पंधरा किलोची ती कुत्री लहान मुलासारखी उचलली, धाकटीने तिची छोटी गाडी काढली, आणि मी मागच्या सीटवर रिकाम्या हातांनी बसले.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत चार माणसं होती. एकाच्या मांडीवर पोपटाचा पिंजरा, एका बाईच्या पिशवीत मांजर. डॉक्टर बाहेर आले, टॉवेल उचलून बघितला आणि त्यांचा बारीक आवाज अजून बारीक झाला.

"नरसाळं कोणी काढलं?"

पोपटवाल्या माणसाने पोपटाला गप्प केलं.

"ह्यांनी," मी म्हटलं.

ठरवून म्हटलं नाही. तोंडातून आलं. पण परतही घेतलं नाही.

ह्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्या नजरेत राग असता तर किती सोपं झालं असतं. मग डॉक्टरांना म्हणाले, "हो. तिला त्रास होत होता, म्हणून."

"अहो, घरात एवढी अनुभवी मेट्रन, आणि तुम्ही त्यांचंही ऐकलं नाहीत?"

"चुकलं," हे म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांना सगळ्यांदेखत शाळेतल्या मुलासारखं झापलं. त्यांच्याच खिशातला कागद काढायला लावला आणि एकेक मुद्दा मोठ्याने वाचून घेतला. त्यांनी न अडखळता वाचला. पाठच होता. धाकटी माझ्या शेजारी उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, स्वतःच्या चपलांकडे बघत होती. आम्हाला घरी सोडताना ती एवढंच म्हणाली, "मेट्रनबाई, उद्या सकाळची ड्यूटी आहे. येते." वर चहाला थांबली नाही.

भिंगरीला नवे टाके आणि आणखी मोठं नरसाळं मिळालं. त्या संध्याकाळी ती ह्यांच्या मांडीवर नरसाळ्यासकट डोकं ठेवून झोपली. सातला फोन वाजला. खरं सांगायचं असं मी उचलताना ठरवलं होतं.

"टाके जरा उघडले होते, पुन्हा घातले," मी म्हटलं. "आता छान आहे. नरसाळं काढलं गेलं होतं."

"कोणी काढलं?"

"ह्यांनी," मी आवाज खाली घेऊन म्हटलं. दुसऱ्यांदा तर विचार करूनच म्हटलं.

ती म्हणाली, "आई, माझं ठरलं. बाळ तुमच्याकडेच ठेवीन. पण एक वचन द्या. बाबांच्या हाती त्याला एकटं सोडायचं नाही. प्रेमळ आहेत हो ते, पण मऊ आहेत. तुम्ही बाहेर जाणार असाल त्या दिवशी मी पाळणाघरात ठेवीन."

"बरं," मी म्हटलं.

जे हवं होतं ते मिळालं. मी फोन ठेवला.

"काय म्हणाली?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही. तब्येत बरी आहे म्हणाली."

"एक सांगून ठेवतो हं," ते भिंगरीचा पडका कान नरसाळ्यातून सरळ करत म्हणाले, "बाळाला रोज फिरायला मी नेणार. ते काम तू बळकावायचं नाहीस."

पुढचे सहा दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. ह्यांनी त्या प्रकाराबद्दल एक शब्द काढला नाही. रोज भिंगरीला उचलून चव्वेचाळीस पायऱ्या खाली, चव्वेचाळीस वर. मध्ये दोनदा थांबून श्वास घ्यायचे. मी वरून बघायचे. एकदा म्हटलं, "भांडा तरी माझ्याशी." ते म्हणाले, "कशावरून?" आणि चष्मा पुसायला लागले.

तेराव्या दिवशी मुलगा आणि सूनबाई आली. भिंगरी नरसाळं घेऊन त्यांच्यावर कोसळली. हे दोरी धरून तिला आवरत होते. सूनबाईने अगदी हळू, अगदी प्रेमाने त्यांच्या हातातून दोरी काढून घेतली. "बाबा, राहू द्या. आई धरतील." आणि दोरी माझ्यापुढे केली.

त्यांनी दिली. काही न विचारता दिली. हात मात्र तसाच पुढे राहिला, क्षणभर. बहुधा त्यांना तेव्हाच कळलं, की प्रकरण नुसत्या कुत्रीचं नाही.

मी दोरी घेतली नाही. पाठ ताठ केली आणि वॉर्डात बोलायचे त्या आवाजात म्हटलं, "चूक माझी."

मुलगा म्हणाला, "काय?"

"नरसाळं मी काढलं. जिने मी चढवले. तक्ता मी टांगला. ओल दिसली ती मी लपवली. डॉक्टरांपुढे ह्यांचं नाव मी घेतलं, आणि तुझ्यापाशीही मीच घेतलं. ह्यांनी कागदातला शब्द न् शब्द सांगितला होता."

मुलगा हसायला लागला. सूनबाई हसली नाही.

"आई, मला फोनवर का नाही सांगितलंत?"

"तू बाळ दिलं नसतंस."

ती खुर्चीवर बसली, पोटावर हात ठेवून. ह्यांच्याकडे बघून म्हणाली, "आणि बाबा, तुम्ही का बोलला नाहीत?"

"ती आज ना उद्या बोलणार होती," हे म्हणाले. "मी वाट बघत होतो."

भिंगरी नरसाळं टेबलाला घासत होती. मग सूनबाईने दोरी परत ह्यांच्या हातात ठेवली.

"बाळ बाबांकडे ठेवीन," ती म्हणाली.

"आणि मी?"

"तुम्हाला भेटायची वेळ. चार ते सहा."

ती हसेल म्हणून मी थांबले. ती हसली नाही, म्हणून मीही हसले नाही.

आता एकेकाचं सांगून टाकते. नात झाली. तिला ह्यांनीच वाढवलं, रोज फिरायला नेलं, आणि अक्षरओळख लेबलं वाचून करून दिली. माझी चार ते सहाची वेळ हळूहळू वाढत गेली, पण पहिलं वर्षभर सूनबाई दारात येऊन आधी "बाबा आहेत ना?" असंच विचारायची. आता तीच मला रोज सातला फोन करते आणि औषध घेतलं का ते दोनदा विचारते, कारण माझ्या एकदा सांगण्यावर तिचा विश्वास नाही. मुलगा ही गोष्ट जेवणावळीत सांगतो आणि त्यात तिवई दर वर्षी मोठी होते. पोस्टमन बदली होईपर्यंत खालूनच हाक मारायचा. भिंगरी तेरा वर्षं जगली आणि शेवटपर्यंत चालायला शिकली नाही.

धाकटीकडे मी त्याच आठवड्यात गेले आणि तिच्या वॉर्डात, तिच्या मुलींदेखत, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बसा मेट्रनबाई, चहा सांगते." ती मेट्रन म्हणूनच निवृत्त झाली आणि अजून येते.

हे गेले त्याला आता नऊ वर्षं झाली.

राहिले डॉक्टर. त्यांना खरं सांगायचं असं मी भिंगरीच्या तेरा वर्षांत दर खेपेला ठरवलं होतं. मागच्या महिन्यात औषधांच्या दुकानात भेटले. काठी घेऊन चालतात आता, आवाज तेवढाच बारीक. त्यांनी मला ओळखलं, ह्यांची चौकशी केली, मी सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं.

"फार सज्जन माणूस," ते म्हणाले. "जरा हट्टी होते, एवढंच."

दुकानात गर्दी होती. माझ्यामागे सात-आठ माणसं उभी होती.

"हो," मी म्हटलं. "होते जरा."